ब्लडबोर्नचा कोट, लालबागची शिलाई

गेममधल्या पात्राचा कोट शिवून तो खरोखर अंगात घालून कामावर जायचं असेल, तर या नोंदी कामाला येतील. एका दिवसाच्या फोटोसाठी पोशाख हवा असेल तर फोम आणि ग्लू गन पुरते, एवढा कुटाणा करू नका. मी लालबागला राहते, नोकरी चकाल्याला. करी रोडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. ऑफिसचा एसी असा की ऐन मे महिन्यात शाल घेऊन बसावं लागतं. म्हणजे मुंबईत राहूनही मला कोटाची गरज आहे, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, शाल आहे की.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

कोट ठरला: ब्लडबोर्नमधल्या शिकाऱ्याचा. गेम २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर आला, फ्रॉमसॉफ्टवेअरचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. यार्नम हे त्यातलं शहर व्हिक्टोरियन काळाच्या वळणाचं. तिथे रात्रभर श्वापदं मारत हिंडायचं. अंगात लांब कोट, खांद्यावर आखूड केप, तिची कड फाटून लोंबणारी.

गेमला फोटो मोड नाही. मग भावाच्या प्लेस्टेशनवर हंटर्स ड्रीम या गेममधल्या मुक्कामाच्या जागी जाऊन उभी राहिले (तिथे कुणी अंगावर धावून येत नाही) आणि कॅमेरा हळूहळू फिरवत ४६ स्क्रीनशॉट काढले. बघायला बसले तर लक्षात आलं की पाठीचं सगळं मला पाठ आहे. केप कुठे संपते, कमरेखाली कोट कुठून दुभंगतो, धावताना कुठली बाजू उडते. पुढून बटणं किती, हे मात्र सांगता येईना. साहजिकच आहे. कॅमेरा पाठीमागे असतो, सत्तर तास मी या माणसाची पाठच बघत होते. गेमसाठी हा कोट बेतणाऱ्यांनाही ते माहीत असणार, कारण सगळी मेहनत मागे आहे आणि पुढचा भाग तसा साधा.

म्हणून उलटं करायचं ठरवलं. आधी पाठ बेतायची, पुढचं तिच्या मागून.

बजेट ४,००० रुपये. मुदत दिवाळी. (दोन्ही गोष्टी इथे लिहून ठेवते, पुढे हसायला बऱ्या.)

२५ ऑगस्ट

दोन आठवडे वाया. चामड्याचा हट्ट धरला होता. धारावीतून नमुन्यासाठी शेळीच्या चामड्याचे दोन तुकडे आणले, ६०० रुपये. एकावर शिवून बघितलं. बरं जमलं नाही म्हणून उसवलं, तर सुईची भोकं तशीच राहिली. कापडावर चूक उसवता येते, चामड्यावर ती कायमची नोंदली जाते. रेक्झिनचंही तेच, आणि शिवाय ते दमट हवेत दोन-तीन वर्षांत सोलायला लागतं, हे घरच्या सोफ्यावर रोज बघते.

तरीही मन मानत नव्हतं. तुकडे कपाटावर ठेवले होते, ते आज काढले तर एकावर हिरवट पांढरी बुरशी. ऑगस्टमध्ये लालबागच्या चाळीत चामडं म्हणजे पावाच्या शेजारचा नातेवाईक. विषय संपला. सुती कॅनव्हास घ्यायचा. धुता येईल, उसवता येईल, घाम शोषेल.

१ सप्टेंबर

पॅटर्न. तयार पॅटर्न विकत घेतला नाही. बाबांचा लग्नातला सूट आहे, १९९२ चा, त्याचा कोट उतरवून घेतला. न उसवता. जाड सतरंजीवर कोट पसरायचा, खाली खाकी कागद, शिवणीवरून दर अर्ध्या इंचावर टाचणी टोचत जायचं. कागदावर भोकांची रांग उमटते, ती पेन्सिलीने जोडायची. पाठ, पुढचे दोन भाग, दोन तुकड्यांची बाही, कॉलर. सहा तास लागले. बाबा दारात उभे राहून दर थोड्या वेळाने विचारत होते, "कापणार नाहीस ना?"

७ ते १७ सप्टेंबर

काम शून्य. गणपतीत लालबागला राहणाऱ्या माणसाकडून कुणी कामाची अपेक्षा करू नये. राजाची रांग गल्लीच्या तोंडाशी, घरात पाहुणे, शिलाई मशीनवर मोदकांचे डबे.

२२ सप्टेंबर

मांजरपाटाचा पहिला कच्चा कोट शिवला. कॅनव्हास कापण्याआधी स्वस्त मांजरपाटात सगळा कोट धावदोऱ्याने शिवून अंगात घालून बघायचा, ही पायरी कृपा करून गाळू नका. चार मीटर, २४० रुपये.

आरशासमोर छान दिसला. हात वर केला आणि सगळा कोट वर आला. लोकलचं हँडल धरल्यासारखं उभं राहून भावाला टेप लावायला सांगितला: खालची कड चार इंच वर. दोन्ही हात वर केले तर गळ्याशी कॉलर हनुवटीला टेकते.

मला वाटलं मुंढा (बाही जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोलाई) तंग आहे. बाबांच्या कोटापेक्षा मुंढा मी आधीच एक इंच खाली घेतला होता, ऐसपैस व्हावा म्हणून. आता आणखी इंचभर खाली कापला. परत हात वर केला. आता साडेपाच इंच.

कात्री ठेवून झोपले.

२९ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरचे शिंपी मास्तर गावाहून परतले. मास्तर मालवणकडचे, वय सत्तरीपुढचं. आधी नाटकाच्या कपडेपटात होते, मग चाळीच्या जिन्याखाली मशीन टाकून बसले. आता डोळ्यांमुळे नवं काम घेत नाहीत. मी कच्चा कोट घालून त्यांच्यापुढे उभी राहिले.

"हात वर कर गो."

केला.

"मुंढो खाली कोणी आणल्यान?"

मी म्हटलं मीच, मोकळा व्हावा म्हणून. मास्तर हसले नाहीत, खडू घेतला आणि माझ्या काखेपासून कोटाच्या काखेपर्यंत किती अंतर आहे ते बोटांनी मोजून दाखवलं. चार बोटं. मग समजावलं ते असं. बाही अंगाला जिथे जोडलेली असते, तिथून हात वळतो. ती जागा काखेच्या जितकी जवळ, तितका हात एकटा वर जातो. ती खाली गेली की हात वर करताना बाही कोटाच्या बाजूला धरून ओढते, आणि कोट कमरेपासून उचलला जातो. मोकळेपणा हवा असेल तर मुंढा वर घ्यायचा आणि पाठीला रुंदी द्यायची. मी नेमकं उलट करत होते.

मुंढा बाबांच्या मापाच्याही अर्धा इंच वर घेतला. म्हणजे मी कापलेल्या जागेपासून अडीच इंच वर, कापलेल्या जागी ठिगळ जोडून. बाहीच्या माथ्याची उंची पाऊण इंच कमी केली, त्यामुळे दंडाला ती थोडी रुंद झाली. पाठीच्या वरच्या भागात दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच वाढवला. आता हात वर केल्यावर कड दीड इंच उचलते. हँडल धरून उभं राहता येतं.

गेममध्ये हा प्रश्न येतच नाही. तिथला कोट हाडांबरोबर ताणला जातो, हात वर केला तर काखेतलं कापड रबरासारखं लांबतं. स्क्रीनशॉटमधून माप घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: छायाकृती गेममधून घ्या, मुंढा माणसाकडून.

मास्तरांनी मदत करायचं कबूल केलं. पैसे किती विचारलं तर म्हणाले, मगे बघू. (दिवाळीला १,५०० दिले, तेही पाकिटात घालून आणि काकूंच्या हातात.)

५ ऑक्टोबर

मंगळदास मार्केट. शनिवारी सकाळी अकराला पोचले, बाराच्या पुढे उभं राहायलाही जागा नसते. सुती कॅनव्हास, मध्यम जाडीचा, काळपट तपकिरी, ५८ इंच पन्हा, २८० रुपये मीटर. पाच मीटर घेतलं. दुकानदार जाड कॅनव्हास घ्या म्हणत होता, मी घेतला नाही, आणि इतक्या चुकांमध्ये हा एक निर्णय बरोबर निघाला. जाड कॅनव्हासच्या दुमडीत सहा पदर एकावर एक आले की घरचं मशीन तिथेच मान टाकतं.

अस्तर मात्र चुकलं. चमकदार पॉलिस्टर सॅटिन, ९० रुपये मीटर, साडेतीन मीटर. त्याची कथा पुढे.

घरी येऊन कॅनव्हास रात्रभर भिजवून धुतला, वाळवला, मोजला. पाच मीटरचा चार मीटर सत्तर. सहा टक्के आटला. न धुता शिवला असता तर पहिल्या धुण्यात बाह्या कोपराकडे निघाल्या असत्या. पण तीस सेंटीमीटर कमी पडल्यामुळे केप एका तुकड्यात बसेना. पाठीच्या मध्यावर जोड आला.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज कापायचं होतं. आईने मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि कात्रीही पूजेत मांडली. आज हत्याराला हात लावायचा नाही. चालेल.

१३ ऑक्टोबर

कापलं. साडेचार तास, त्यातला दीड तास नुसता विचार करण्यात. मांजरपाटाचा दुसरा कोटही केला होता (आणखी चार मीटर, २४० रुपये), त्यामुळे कात्री चालवताना हात थरथरला नाही.

कापताना ठरवलेल्या दोन गोष्टी. लांबी: गेममध्ये कोट पोटरीपर्यंत येतो. मी गुडघ्याखाली दोन इंचांवर थांबवली. करी रोडच्या पुलाचे जिने गर्दीत चढताना मागच्याचा पाय कोटावर पडला की मी आणि तो दोघंही खाली. आणि केप वेगळी ठेवली. कॉलरच्या खाली पाच बटणं, त्यावर केप लागते. ऑफिसला नुसता कोट, रविवारी केपसकट.

केप शोभेची नाही, हे मला हे काम करता करता कळलं. पूर्वी युरोपात घोडागाडी हाकणाऱ्यांच्या कोटांना खांद्यावर अशा एक किंवा एकावर एक केप असायच्या. पावसात उघड्यावर बसायचं, तर पाणी खांद्याच्या शिवणीत मुरण्याऐवजी केपवरून ओघळून जावं. शिकाऱ्याच्या अंगावर उडतं ते रक्त, गाडीवानाच्या अंगावर पाऊस, हिशोब एकच. (मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा निकाल हायकोर्टाने दिला तोही २०१५ सालीच. याचा कोटाशी संबंध नाही, पण कापताना मनात आलं.)

२० ऑक्टोबर

आईचं पायमशीन. विजेचं मशीन मैत्रिणीकडून आणलं होतं, ते परत केलं. जाड शिवणीवर ते एकदम सुसाट सुटतं नाहीतर अडून गुरगुरतं. पायमशीनवर एकेक टाका हाताने चाक फिरवून टाकता येतो.

१४ नंबरची सुई दहा मिनिटांत तुटली, १६ ची तासाभरात. १८ ची टिकली. टाका लांब ठेवला. शिवणी जिथे एकमेकींना छेदतात तिथे शिवण्याआधी कापड पाटावर ठेवून खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकून चपटं केलं. ठोकल्यावर मशीन कुरकुर न करता जातं. आईला बत्त्याचं कळलं नव्हतं, आज कळलं.

पाठ झाली, पुढचे भाग जोडले, खिसे झाले. खिसे चार, दोन आतून. फोन, पास आणि डब्यातला चमचा बसला पाहिजे या मापाने.

१० नोव्हेंबर

दिवाळी गेली, मुदत गेली. काल कोटावर मेण चढवलं आणि या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी चूक केली.

कल्पना अशी की मेण लावलेला सुती कॅनव्हास चामड्यासारखा दिसतो. घड्यांवर फिकट रेषा उमटतात, पाणी मुरत नाही. ते खरंच आहे. मधमाशीचं मेण अर्धा किलो ४५० रुपयांना आणलं आणि घरातल्या-दुकानातल्या पांढऱ्या मेणबत्त्या ८० रुपयांच्या. निम्मं-निम्मं वितळवून ब्रशने सगळ्या कोटावर फासलं आणि इस्त्रीने मुरवलं. संध्याकाळी कोट असा दिसत होता की भावाने खरोखर शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत उन्हात टांगला. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून मी निश्चिंत होते. पण वितळणं वेगळं आणि मऊ पडणं वेगळं. दुपारपर्यंत कोट चिकट. शेजारच्या दोरीवरच्या टॉवेलचा सगळा लव त्यावर, शिवाय समोरच्या बांधकामाची धूळ. संध्याकाळी तो घालून भाऊ दहा मिनिटं एसी लावलेल्या खोलीत बसला तर उलटंच: कोट पत्र्यासारखा कडक, कोपराला वाकला की मेणबत्तीचं मेण तडकून पांढऱ्या चिरा. बाहेर गोंद, आत पत्रा. माझा सगळा प्रवास या दोन हवामानांमधलाच.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि दिवसभर मेण काढलं.

पहिला प्रयत्न: वर्तमानपत्र ठेवून इस्त्री. मेण कागदात आलं, बातम्यांची शाई कोटावर गेली. पाठीवर एका उमेदवाराचा अर्धा चेहरा उलटा उमटला. कोरा खाकी कागद वापरा.

दुसरा प्रयत्न: मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, थोडा साबण, कोट बुडवून काठीने हलवायचा. मेण वर तरंगतं. इथपर्यंत उत्तम. मग मी ते गरम पाणी मोरीत ओतलं. पाइपात गार होऊन मेण थिजलं, मोरी तुंबली, खालच्या मजल्यावरून हाका आल्या. प्लंबर ३०० रुपये आणि चाळीतल्या तीन बायकांची बोलणी. पाणी पातेल्यातच गार होऊ द्यायचं, वर मेणाची भाकरी जमते, ती उचलून टाकायची. एवढी साधी गोष्ट.

तीन उकळ्यांनंतर कोट मोकळा झाला. नवं मेण आता फक्त केपला. दोन भाग मधमाशीचं, एक भाग मेणबत्तीचं, वडी करून ती कापडावर खडूसारखी पातळ घासायची आणि आतल्या बाजूने हेअर ड्रायरने तापवायचं. ब्रशने ओतल्यासारखं लावायचं नाही. चिकटपणा जवळजवळ गेला. केप रविवारपुरती, त्यामुळे ऑफिसच्या गर्दीत ती कुणाच्या पिशवीला लागत नाही, हाही फायदा.

१ डिसेंबर

अस्तर. पॉलिस्टर सॅटिन लावून कोट पूर्ण केला, ऑफिसला घालून गेले. घाटकोपरच्या जिन्यावर पोचेपर्यंत पाठीवर ओघळ. नोव्हेंबर संपताना! सॅटिन घाम शोषत नाही, नुसता फिरवत राहतो.

उसवलं. आता धडाला मलमलीचं अस्तर आणि तेही पाठीच्या वरच्या अर्ध्यातच, खाली शिवणींच्या कडांना पट्टी लावून उघडं ठेवलं. बाह्यांना मात्र सॅटिनच, कारण मलमलीच्या बाहीत खालच्या कुर्त्याची बाही गोळा होत वर चढते. धडाला सुती आणि बाहीला सुळसुळीत, हे सूत्र इथल्या हवेसाठी पक्कं. मलमल तीन मीटर, ३३० रुपये.

कॉलरचंही याच आठवड्यात. उंच कॉलर उभी राहावी म्हणून इस्त्रीने चिकटवायचं कडक कापड, फ्यूजिंग, वापरलं होतं. उकळत्या पाण्यातून आल्यावर ते सुटून कॉलरवर पापडासारखे फोड. मास्तरांनी बोटाने एक फोड दाबून बघितला आणि म्हणाले, "चिकटवलेला सुटताच." बकरम (न चिकटवता शिवायचं कडक कापड) घालून हाताने तिरपे टाके घालायला लावले, कॉलर बोटांवर गोल वाकवून धरत. म्हणजे कापड वळलेल्या अवस्थेतच बकरमाला धरलं जातं आणि कॉलर आपोआप मानेभोवती वळते. दोन संध्याकाळी गेल्या, बोटांना भोकं पडली. कॉलर अजून उभी आहे.

याच वेळी आमचं एक भांडणही झालं. केपची कड गेममध्ये फाटलेली आहे, मी कात्रीने फाडली. मास्तरांना नव्या कापडाचं असं करणं बघवेना. म्हणाले, नाटकातलो कपडो दहाव्या रांगेतसून बगूचो असता, फाटको दाखवूचो तर रंगान दाखव. मी म्हटलं, मास्तर, हा कपडा दहाव्या रांगेतून नाही बघायचा, माझ्या मागे पुलावर दीड फुटावर लोक असतात. ते काही बोलले नाहीत. पण पहिल्या धुण्यात फाटलेली कड सुटत सुटत दोन इंच वर आली, तेव्हा उपाय त्यांनीच सांगितला: कडेपासून दीड सेंटीमीटरवर आधी बारीक टीप मारायची, मग तिच्या खालचे आडवे धागे सुईने ओढून काढायचे. टिपेपाशी येऊन झिरमिळ्या थांबतात.

१५ डिसेंबर

बकल. भुलेश्वरहून नऊ आणली होती, ४५ रुपयाला एक, पितळी दिसणारी. छातीवर तिरपे पट्टे, कमरेला पट्टा, बाहीला दोन-दोन. सोमवारी घालून निघाले.

मेट्रोच्या तपासणीला दार वाजलं, ते वाजणारच होतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी उसासा टाकला. तपासणाऱ्या ताईंनी हातातलं यंत्र फिरवलं तर ते छातीशी वाजलं, कमरेला वाजलं, मनगटाला वाजलं. "किती लावलीत?" नऊ, म्हटलं. "कशाला?" याचं उत्तर रांगेत उभं राहून देता येण्यासारखं नव्हतं. परतताना लेडीज डब्यात बाहीचं बकल एका मुलीच्या ओढणीत अडकलं. दादरपासून करी रोडपर्यंत आम्ही दोघी एकमेकींना बांधलेल्या.

शिवाय नऊ बकलांच्या वजनाने कोटाचा पुढचा भाग लोंबतो आणि कॉलर मागे मानेपासून सुटते. म्हणजे सगळी मेहनत जिथे घेतली ती पाठच बिघडते. पाच काढली. बाहीवर बकलांच्या जागी कापडी पट्टी आणि आतून टिचबटण. छातीवरचा पट्टा खोटा, त्याच्या खाली हूक, ही युक्ती कपडेपटातली. राहिलेली चार बकलं तपासणीला वाजतात, पण आता ताई ओळखतात.

२९ डिसेंबर

मागचा दुभंग. स्क्रीनशॉटमध्ये शिकारी वळला की कोटाचे दोन पंख उघडतात आणि हळूच मिटतात. माझे उघडतच नव्हते, फळीसारखे लोंबत होते. दुभंगात आतून दोन कळ्या (घेरासाठी तिकोनी तुकडे) घातल्या, उरलेल्या मांजरपाटाच्या, रंगवून. घेर आला. वजन हवं म्हणून खालच्या दुमडीत लोखंडी वॉशर शिवले, नागदेवी स्ट्रीटवरून ४० रुपयांचे. धुतल्यावर गंजले, दुमडीवर तांबडे डाग. ९० रुपयांचे स्टेनलेस स्टीलचे आणून बदलले. दर चार इंचांवर एक, कापडाच्या लहान पुडीत गुंडाळून, म्हणजे खुळखुळत नाहीत.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: कॅनव्हास १,४००, मांजरपाट ४८०, दोन्ही अस्तरं ६४५, मेण ५३०, बकलं ४०५, वॉशर १३०, दोरा-सुया-बटणं-बकरम ३९०, मास्तर १,५००, वाया गेलेलं चामडं ६००, प्लंबर ३००. एकूण ६,३८०. तास ११८, गणपती आणि भांडण धरलं नाही.

१२ जानेवारी २०२५

कोट चार आठवडे रोज अंगात आहे. सकाळी लोकलमध्ये बटणं उघडी, मेट्रोत लावायची. केप दोनदाच घातली.

एक मला कधीच तपासता आलं नव्हतं. दोन आरसे लावून बघितलं, तर बघण्यासाठी मान वळवली की पाठ वळते. म्हणून आज भावाला करी रोडच्या पुलावर माझ्या मागून चालायला लावलं, फोन माझ्या डोक्याच्या किंचित वर धरून, गेममधल्यासारखा. रविवार दुपार, गर्दी कमी. केप बरोबर बसते. मध्यावरचा जोड, कापड कमी पडल्यामुळे आलेला, मुद्दाम घातल्यासारखा दिसतो. जिना उतरताना पंख उघडतात, वॉशर काम करतात. अडतीसाव्या सेकंदाला एक माणूस मागे वळून बघतो आणि मग भावाकडे बघतो.

दुभंगाची डावी बाजू उजवीवर चढते आहे. उभी असताना नाही, चालतानाच. मी बॅग डाव्या खांद्याला लावते, तिकडून ओढ येत असावी. डावी कळी पाव इंच सैल करून बघायची, नाहीतर बॅग उजवीकडे. मास्तरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा बघितला आणि खडू मागितला.